टोर्नेडो गाठायचा कुठे?

अमेरिकेतील टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्सस या राज्यांच्या मैदानांवर मे महिन्यात वादळांचा पाठलाग करणाऱ्यांचा दिवस नकाशांसमोर सुरू होतो. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर हे सरकारी केंद्र तीव्र वादळांच्या धोक्याचा अंदाज पाच पायऱ्यांत देते. त्या अंदाजातील रंगीत पट्टा कित्येकदा दोन-तीन राज्यांवर पसरलेला असतो, टोर्नेडोची वाट मात्र बहुधा काहीशे मीटरच रुंद असते. त्यामुळे पट्ट्यातील नेमक्या कोणत्या गावाजवळ थांबायचे, हे ज्याचे त्याने दुपारपर्यंत ठरवायचे असते.

पहिला शोध ओलाव्याचा. मेक्सिकोच्या आखातावरून दक्षिणेचे वारे दमट हवा आणतात, तर पश्चिमेच्या उंच पठारांवरून कोरडी हवा उतरते, आणि या दोहोंमधील सीमेला ड्रायलाइन म्हणतात. नकाशावर ती चटकन सापडते, कारण एका केंद्रावर दवबिंदू (हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान; तो जितका जास्त तितका ओलावा जास्त) 19 अंश सेल्सिअस असतो आणि तिथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर तो एक आकडी होतो. दुपारी ही रेषा पूर्वेकडे सरकू लागते आणि तिच्यालगत हवा वर ढकलली जाऊन ढगांचे मनोरे उभे राहतात.

ते उभे राहतीलच असे मात्र नाही. सकाळी सोडलेल्या हवामान फुग्याने पाठवलेला आलेख पाहिला, तर जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर तापमानाची रेषा अचानक उजवीकडे वळलेली दिसते. मेक्सिकोच्या पठारावरून वाहत आलेल्या उष्ण, कोरड्या हवेचे, खालच्या हवेला वर जाऊ न देणारे हे झाकण आहे. ते कच्चे असेल, तर सकाळीच जागोजागी ढग फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि दिवसाची ऊर्जा वाया जाते. फार पक्के असेल, तर सूर्यास्तापर्यंत निरभ्र आकाश पाहत बसावे लागते. दुपारी चार-पाचच्या सुमारास ते एखाद-दुसऱ्या ठिकाणीच फुटावे, म्हणजे तिथल्या वादळाला आजूबाजूचा सगळा ओलावा एकट्याला मिळतो. माझ्या मते लक्ष्यक्षेत्राच्या, म्हणजे थांबायच्या ठिकाणाच्या, निवडीतील सर्वांत अवघड भाग हाच आहे.

वादळ फिरू लागण्यासाठी उंचीनुसार वाऱ्याने वेग आणि दिशा बदलावी लागते. जमिनीलगत आग्नेयेचा वारा आणि सहा किलोमीटरवर नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा जोरदार वारा असेल, तर सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारे मोठे वादळ, तयार होण्याची शक्यता वाढते. आदल्या रात्रीच्या पावसाने मागे ठेवलेली थंड हवेची कडाही अनुभवी पाठलागकर्ते हुडकतात, कारण तिच्यालगत जमिनीजवळचा वारा अधिक वळतो. सकाळी उपग्रहाच्या चित्रात ती ढगांच्या बारीक कमानीसारखी दिसते.

एचआरआरआर हे हवामानाचा अंदाज देणारे संगणकीय प्रारूप दर तासाला नव्याने चालवले जाते. त्यातला सुबक सुपरसेल पाहून नवखे हुरळतात आणि पुढच्या तासाला तो दीडशे किलोमीटर सरकला की गाडी वळवतात. जाणते लोक दुपारनंतर प्रारूपापेक्षा प्रत्यक्ष नोंदींवर आणि उपग्रहाच्या चित्रांवर भर देतात.

मग रस्ते. पश्चिम ओक्लाहोमात साधारण दर मैलाला एकमेकांना छेदणारे रस्ते आहेत आणि नजर दूरवर पोहोचते. आग्नेय ओक्लाहोमात डोंगर आणि जंगल आहे. टेक्सासच्या सीमेवरील रेड नदीवर पूल मोजकेच असल्याने वादळ पलीकडे गेले की मोठा वळसा पडतो.

31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ पाठलागकर्त्यांच्या गाड्यांची गर्दी झाली होती. त्यांनी निवडलेले क्षेत्र अचूक निघाले होते. पण आग्नेयेकडे सरकणारा टोर्नेडो वेग वाढवत ईशान्येकडे वळला, 4.2 किलोमीटर रुंद झाला, आणि संशोधक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा त्यात मृत्यू झाला. सुपरसेल बहुतेक वेळा ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे जातो, म्हणून त्याच्या आग्नेयेस राहून दक्षिणेकडे निघून जाण्याची वाट मोकळी ठेवण्याचा प्रघात आहे. दोन ठिकाणी शक्यता जवळपास सारखी असेल, तर असा डांबरी रस्ता जिथे आहे तेच ठिकाण निवडावे, भले दुसरीकडे वादळाला मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा आकडा थोडा मोठा असो.