छोट्या जोडीला समोर तगडा गडी हवा

तीन पत्ती खेळून आलेल्या माणसाला नो-लिमिट पोकर शिकवायला बसलं की पहिला घोळ जोडीपाशी होतो. तीन पत्तीत पानं वाटून झाली की झाली. पंजीची जोडी शेवटपर्यंत पंजीचीच जोडी राहते आणि बऱ्याचदा डाव काढूनही देते. ह्या पोकरमध्ये, म्हणजे होल्डेममध्ये, हातात दोनच पानं असतात, टेबलावर अजून पाच यायची असतात. पहिली तीन उघडली, म्हणजे फ्लॉप आला, की शंभरातल्या ९८ वेळा त्यात पंजीहून मोठं पान असतंच. मग तुम्ही बसता समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत.

दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या जोड्यांना मी म्हणूनच फार मान देत नाही. ते समोरच्याच्या चिप्सवर काढलेलं लॉटरीचं तिकीट आहे. फ्लॉपवर तिसरी पंजी येऊन ‘सेट’ लागायची शक्यता ११.८ टक्के. साडेआठ वेळांत एकदा, असं धरून चाला. आता तिकीट केवढ्याला घ्यायचं, हे बक्षीस केवढं आहे त्यावर ठरणार ना?

हिशेबच मांडू. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांनी सक्तीनं टाकायचे पैसे, १०० आणि २००. पहिल्याच जागेवरून एकानं ६०० केले. तुम्ही बटनवर, म्हणजे डीलरच्या जागेवर, हातात पंजीची जोडी. बाकी सगळ्यांनी पानं टाकली. त्याचे ६०० आणि ब्लाइंडचे ३०० असे ९०० मध्ये पडलेत आणि तुम्हाला ६०० भरायचेत. सेट लागला नाही की सोडून द्यायचं, असं ठरवलंत, तर साडेसात वेळा ६०० जातात, म्हणजे ४,५०० गेले. एकदा सेट लागतो, तेव्हा हे ९०० मिळतात. उरलेले ३,६०० त्या एका डावात समोरच्याकडून यायला हवेत, तेही सरासरीनं. दर वेळी तो देणार नाही, आणि कधीकधी तुमच्या सेटवर त्याचाच मोठा सेट बसेल. आता त्याच्यापुढे सुरुवातीला एकूण ४,००० च असतील, तर ६०० टाकल्यावर उरले ३,४००. सगळे काढून घेतलेत तरी हिशेब जुळत नाही. त्याच्यापुढे आणि तुमच्यापुढे २०,००० असतील, तर डोळे झाकून ६०० भरा. कॉलच्या, म्हणजे बरोबरीला भरायच्या रकमेच्या, पंधरा-वीस पट तरी दोघांच्याही पुढे हवेत, असं जुने खेळाडू म्हणतात, ते ह्याच हिशेबातून.

पण स्टॅक, म्हणजे पुढ्यातल्या चिप्सचा ढीग, मोठा असून भागत नाही, आणि इथेच लोक फसतात. त्याच्याकडे पैसे द्यावेत असं काही असायला हवं! पहिल्या जागेवरून खेळणारा, तासात दोनदा हात लावणारा चिक्कू माणूस असेल, तर त्याच्याकडे एक्के, राजे, राणी असलं काहीतरी असणार. तो तुमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. सरळ पाचही पानं उघडली तर एक्क्यांची जोडी तुमच्या पंजीला पाचात चार वेळा मारते. तरीही तुम्हाला हवा तो हाच, कारण त्याला त्याचे एक्के सोडवत नाहीत. उलट प्रत्येक डावात रेझ मारणारा, म्हणजे रक्कम वाढवणारा, टवाळ पोरगा बसलाय, त्याच्यावर तुमचा सेट लागला, तुम्ही चिप्स पुढे केल्या, आणि त्यानं हसत पानं फेकली. हातात ९०० आले, आणि ३,६०० चा खड्डा तसाच.

सेट लागल्यावर मग काय करायचं? फ्लॉपवर आला किलवर राजा, बदाम नव्वी, चौकट पंजी. त्याच्याकडे एक्के. पॉट, म्हणजे मध्ये पडलेले पैसे, १,५०० चा. दहांतल्या नऊ वेळा डाव आता तुमचाच. नवखा माणूस इथे गप्प बसतो, ‘त्याला संशय नको यायला’ म्हणून. पण फ्लॉपवर १,०००, टर्नवर (चौथ्या पानाला) २,५००, रिव्हरवर (पाचव्या पानाला) ६,००० असं पडत गेलं तर त्याच्याकडून ९,५०० आले. फ्लॉप फुकट जाऊ दिलात, तर त्याच मापानं टर्नला १,००० आणि रिव्हरला २,५००, संपलं. सहा हजारांची ती शेवटची बेट गेली. पॉट फुगायला रस्ते तीनच असतात. त्यानं बेट मारली तर कॉल करा, त्याहून बरं म्हणजे वाढवा, आणि तो चेक करून, म्हणजे काही न लावता, बसला तर तुम्ही मारा.

सेट लागला नाही, तर सोडा. पुढच्या पानाला पंजी यायची शक्यता ४७ पानांत दोन. ‘तो उगाच मारतोय असं वाटतं’ म्हणून कॉल करत राहणं हा ह्या जोड्यांवरचा सगळ्यात महागडा छंद आहे. आणि तुमच्या कॉलआधी तिसऱ्या कुणी ६०० चे २,४०० केले, तर २०,००० च्या स्टॅकवरही पानं टाका, आठपटीवर आलात.

टूर्नामेंटचा मामला वेगळा. २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा, लास व्हेगासचं रिओ. अंतिम टेबलावर जो काडा नावाचा २१ वर्षांचा मुलगा. त्यानं तिर्रीच्या जोडीवर ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, जेफ शुलमनकडे गुलामांची जोडी निघाली, आणि तिर्री लागली. पुढे दुर्रीच्या जोडीवर पुन्हा ऑल-इन, आंत्वान साउटकडे राणीची जोडी, आणि फ्लॉपवर दुर्री! पाचात एक, वर पुन्हा पाचात एक. तो स्पर्धा जिंकला, तोवरचा सगळ्यात लहान विजेता ठरला. मग लोक म्हणतात, बघा, छोट्या जोडीत दम आहे. अहो, तिथे सेटचा धंदा नव्हताच. ब्लाइंड चढत जातात, स्टॅक त्या मानानं आखूड पडतो. ढकलायचं ते समोरचा पानं टाकेल ह्या आशेवर, आणि कॉल आलाच तर एक्का-राजा निघो, म्हणजे निम्मे-निम्मे तरी. त्याच टेबलावर साउटची अठ्ठीची जोडी काडाच्या एक्का-राजापुढे रिव्हरच्या राजानं गेली, ते मात्र कुणाला आठवत नाही. दुर्रीची तर आणखी तऱ्हा: एकाच रंगाच्या गुलाम-दश्शीसमोर ती थोडी मागेच असते, कारण टेबलावर दोन मोठ्या जोड्या पडल्या की दुर्री पुसलीच जाते.

२०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर आपल्याकडे पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं. गोव्याला मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर जाऊन खेळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की प्रत्यक्ष टेबलावर तासाला तीसेक डाव होतात. दुर्री ते छक्की ह्यांतली जोडी ४४ डावांत एकदा, म्हणजे दीड तासानं. तिला सेट लागायचा तो बारा-साडेबारा तासांतून एकदा. आणि मघाच्या ३,६०० मध्ये रेक धरलेला नाही. रेक म्हणजे कॅसिनोचा वाटा, तो प्रत्येक पॉटमधून आधी उचलला जातो, तेव्हा तो आकडा ४,००० च्या आसपास धरूनच ६०० ला हात लावा.