धातूची काच घडवताना

नमस्कार, श्रोतेहो. संक्रांतीची चिक्की घरी करणाऱ्यांना आजचा विषय अर्धा ठाऊकच आहे. पाक गरम आहे तोवरच लाटणं फिरतं. निवला की वड्या पडत नाहीत, तुकडे उडतात. आणि कढईच्या कडेला साखरेचे चार कण राहिले, तर पाक दाणेदार होतो. धातूची काच घडवतानाही हीच दोन भयं असतात.

एरवी धातूचे अणू रांगा धरून, स्फटिक होऊन बसतात. वितळलेलं मिश्रण झटकन थंड केलं, की त्यांना रांग धरायला वेळच मिळत नाही; ते विस्कळीतच गोठतात, हीच धातूची काच. 1960 साली कॅलिफोर्नियात सोनं आणि सिलिकॉन यांची पहिली अशी काच झाली, तेव्हा सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांनी थंड करावं लागलं. झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल, बेरिलियम यांच्या 1993 सालच्या मिश्रणाला सेकंदाला एखाद-दोन अंश पुरतात, म्हणून त्याचे जाड गज ओतता येतात.

हे मिश्रण साधारण 350 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं आणि तापवत नेलं तर 430च्या आसपास त्यात स्फटिक धरतात. घडण होते ती या मधल्या पट्ट्यात. साचा आणि तुकडा दोन्ही 400च्या आसपास तापवायचे आणि सावकाश दाबायचं. घाई केली तर तुकडा तडकतो. रेंगाळलं तर स्फटिक धरतात. वस्तू दिसते तशीच, पण ठिसूळ. ऑक्सिजन शिरला तर तो साखरेच्या कणाचं काम करतो, म्हणून आर्गॉन या निष्क्रिय वायूमध्येच वितळवायचं. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. कोरडं घासू नका.

या काचेची ताकद 1900 मेगापास्कलच्या (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) घरात. 2 टक्के ताणून सोडलं तरी मूळ मापावर येते. त्यापुढे मात्र सगळा तुकडा लांबत नाही. 10 ते 20 नॅनोमीटर जाडीच्या एका पट्टीत घसरण एकवटते, ती पट्टी आणखी मऊ होते आणि तुकडा आरपार तुटतो. तिला अडवायला स्फटिकांच्या सीमाच नसतात.

आपल्या वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मरवर काम करणाऱ्यांनी लोह-बोरॉन-सिलिकॉनची पट्टी हाताळली असेल; तीही धातूची काचच. जाडी जेमतेम 25 मायक्रोमीटर. नवी पट्टी चिमटीत धरून घडी घाला, तुटत नाही. अनीलिंगनंतर, म्हणजे तापवून निववल्यावर, तीच कडकन मोडते; स्फटिक न होताही अणू घट्ट बसलेले असतात. म्हणून अशा पट्टीच्या कोअरवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर, वाइंडिंगचा (तारेच्या वेटोळ्यांचा) भार टाकू नका, दाबाने लोहहानीही, म्हणजे गाभ्यात उष्णता होऊन वाया जाणारी वीजही, वाढते. आणि कडा रेझिनने बंद करा, नाहीतर कपच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात उतरतात.