आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना: अमेरिकेतल्या इंटरनेटवर हुकूम कुणाचा?

या, पुढे या, इकडे खुर्च्या आहेत अजून. विषय मला मोठा दिलाय, पण मी त्यातलं एकच भांडण घेणारे कारण ते आपल्या घरच्या बिलापर्यंत येतं. घरात जी ब्रॉडबँडची लाइन येते तिच्यावर हुकूम कुणाचा, वॉशिंग्टनचा की राज्याचा?

सुरुवात वणव्यापासून करते. २०१८चा उन्हाळा, आपल्या उत्तरेला मेंडोसिनो कॉम्प्लेक्सची आग, कॅलिफोर्नियातली तेव्हापर्यंतची सगळ्यात मोठी. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक गाडी मदतीला गेली होती, कुठे किती बंब पाठवायचे, कुठे किती माणसं, ही सगळी जुळवाजुळव त्या गाडीतून इंटरनेटवर चालायची. प्लॅन अनलिमिटेड होता म्हणे, पण ठरावीक डेटा संपल्यावर व्हेरायझन या मोबाइल कंपनीने स्पीड इतका पाडला की नेहमीच्या दोनशेव्या हिश्श्याइतकाही उरला नाही, आणि दलाने विनवण्या केल्या तर उत्तर काय, की महागडा प्लॅन घ्या. पुढे कंपनीने ही आमच्या कस्टमर सपोर्टची चूक असं मान्य केलं, आणि नेट न्यूट्रॅलिटीशी, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइट्सना आणि ॲप्सना सारखंच वागवायचं या तत्त्वाशी, याचा संबंध नाही असंही सांगितलं. त्यात तथ्य आहे बरं का, डेटा संपल्यावर स्पीड कमी करायला नेट न्यूट्रॅलिटीच्या २०१५च्या फेडरल नियमांतही सरसकट बंदी नव्हती. पण तेव्हा निदान "हे वागणं अन्यायाचं आहे" म्हणून एफसीसीकडे, म्हणजे फेडरल आयोगाकडे, दाद मागता यायची. ते दार त्याच वर्षीच्या जूनमध्ये बंद झालं होतं, आग लागायच्या जेमतेम काही आठवडे आधी.

दार बंद कसं झालं? १९९६च्या दूरसंचार कायद्यात दोन खोके आहेत. एक टेलिकम्युनिकेशन सर्व्हिस, म्हणजे फोनसारखी, पोस्टमनने पाकीट न फोडता पोचवायचं तसं. तिच्यावर टायटल टू नावाच्या प्रकरणातले कडक नियम. दुसरी इन्फर्मेशन सर्व्हिस, तिच्यावर जवळपास काहीच नाही. ब्रॉडबँड कुठल्या खोक्यात, यावर वीस-बावीस वर्षं नुसती ओढाताण चाललीये. २००२मध्ये केबल इंटरनेट दुसऱ्या खोक्यात टाकलं, २०१५मध्ये एफसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी ब्रॉडबँड पहिल्यात आणलं, २०१७च्या डिसेंबरमध्ये पुढचे अध्यक्ष अजित पै यांनी परत दुसऱ्यात, २०२४मध्ये पुन्हा पहिल्यात. यातल्या शेवटच्या तिन्ही वेळा मतदान ३ विरुद्ध २, पक्षाच्या रेषेवर. आणि २ जानेवारी २०२५ला सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं, हे दुसऱ्याच खोक्यातलं आहे.

आता खरी गंमत नाही, खरा अन्याय बघा. २०१७च्या आदेशात आयोगाने म्हटलं की ब्रॉडबँडवर असे नियम लावायचा आम्हाला अधिकारच नाही, आणि त्याच आदेशात राज्यांनाही सांगितलं की तुम्हीही लावायचे नाहीत. आपल्याकडे म्हणतात ना, आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अगदी तसंच. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या केसमध्ये डीसी सर्किटच्या अपील कोर्टाने खोका बदलणं मान्य केलं पण राज्यांवरची सरसकट बंदी उडवून लावली. जिथे तुम्हाला स्वतःला नियम करायचा अधिकार नाही तिथे दुसऱ्याला अडवायचाही नाही, साधं तर्कशास्त्र आहे. त्या केसमध्ये सांता क्लारा काउंटीही होती.

तोवर आपल्या कॅलिफोर्नियाने स्वतःचा नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा केला होता, एसबी ८२२. ३० सप्टेंबर २०१८ला गव्हर्नर ब्राउन यांनी सही केली आणि त्याच दिवशी फेडरल सरकारने खटला भरला! सरकार बदलल्यावर २०२१मध्ये तो मागे घेतला, मग कायदा थांबवा ही कंपन्यांची मागणीही २०२२च्या जानेवारीत नवव्या सर्किटने फेटाळली. एखाद्या ॲपने पैसे मोजले म्हणून त्याचा डेटा ग्राहकाच्या कोट्यात न धरणं, हेही या कायद्याने बंद झालं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते न्यूयॉर्क. तिथे कायदा असा की कमी उत्पन्नाच्या घराला महिन्याला १५ डॉलरमध्ये २५ एमबीपीएस किंवा २० डॉलरमध्ये २०० एमबीपीएस द्यायलाच हवं, राउटरचं भाडं आणि कर धरून. २०२१मध्ये कोर्टाने अडवला, २०२४मध्ये दुसऱ्या सर्किटने सोडवला, सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला आणि १५ जानेवारी २०२५ला लागू झाला. कंपन्यांनी वर्षानुवर्षं टायटल टू नको म्हणून जीव काढला, पण टायटल टूच्या दोन्ही आदेशांत एफसीसीने दर ठरवणार नाही असं लिहिलेलं होतं. ते छत्र गेलं आणि दर ठरवायला राज्य पुढे आलं. एटी अँड टीने तर आपलं ५जी होम इंटरनेट न्यूयॉर्कमधून काढून घेतलं, तेव्हा याची किंमत काहीच नाही असं मी म्हणणार नाही.

राज्य म्हणजे नेहमी ग्राहकाच्या बाजूचं, असंही समजू नका हां. टेनेसीत चॅटनूगा शहराच्या वीज कंपनीने स्वतःचं फायबर टाकलं, उत्तम चाललं, शेजारची गावं म्हणाली आम्हालाही द्या, तर राज्याच्या कायद्याने ते आपल्या वीज हद्दीबाहेर नेता येईना. २०१५मध्ये एफसीसीने तो कायदा बाजूला सारायचा प्रयत्न केला, २०१६मध्ये सहाव्या सर्किटने हाणून पाडला. तिथे वॉशिंग्टन लोकांच्या बाजूने होतं आणि राज्य आड आलं. म्हणून मी "राज्यांना अधिकार द्या" अशी घोषणा देत नाही, मला फक्त कुणीतरी जबाबदार हवंय.

आणि आता कायद्याने जमत नाही तिथे पैशाने दाबायचं चाललंय. बीड (BEAD) नावाची, ब्रॉडबँड पोचवायची ४२.४५ अब्ज डॉलरची फेडरल योजना आहे, तिच्या जून २०२५च्या नव्या अटींत सांगितलं की स्वस्त प्लॅनची किंमत राज्याने ठरवायची नाही.

भारतात हा पेच नाही, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टेलिफोन, वायरलेस सगळं केंद्राच्या यादीत, ३१वी नोंद. ट्रायने, म्हणजे तिथल्या टेलिकॉम नियामकाने, ८ फेब्रुवारी २०१६ला डेटाच्या दरात भेदभाव नको असा नियम केला तो पुण्यालाही लागू आणि पणजीलाही. पण तिथे ट्राय चुकली तर मुंबईला वेगळं काही करता येणार नाही, हेही त्याच्याबरोबर आलं.

एसबी ८२२ची अंमलबजावणी इथे ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, ऑफिसकडे आहे, त्यामुळे लाइनवर भेदभाव दिसला तर तिकडे लिहा. आणि न्यूयॉर्कला कुणाचे नातेवाईक असतील, मुलाला शाळेत मोफत जेवण मिळत असेल किंवा घरात मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, असेल, तर त्यांना आज रात्रीच फोन करा आणि सांगा, तुमच्या कंपनीला १५ डॉलरच्या प्लॅनबद्दल विचारा.