ग्लिसरीन लावा, पण पाण्यासकट

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याची थंडी कोरडी. दुपारी ऊन चढलं की हवेतला उरलासुरला ओलावाही जातो आणि पोटरीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उमटते. मग घरोघरी ग्लिसरीनची बाटली निघते. वस्तू उत्तम आहे, लावण्याची पद्धत मात्र बऱ्याचदा चुकते.

ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. पावसाळ्यात ते हवेतून मिळतं. जानेवारीच्या दुपारी हवेत नसतंच, तेव्हा निव्वळ ग्लिसरीन त्वचेच्या खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि ते उडून जातं. चेहरा चिकट तर होतोच, शिवाय थोड्या वेळानं पुन्हा ताणतो.

म्हणून 1 भाग ग्लिसरीन आणि 9 भाग गुलाबपाणी किंवा उकळून गार केलेलं पाणी. औषधाच्या 5 मिलीच्या चमच्यानं मोजायचं तर अर्धा चमचा ग्लिसरीन, साडेचार चमचे पाणी. एवढंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यानंतर उरलेलं टाकून द्या. यात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळे जंतू वाढतात. आंघोळीनंतर अंग टिपा आणि ओलसर असतानाच हे लावा. वरून हातापायांना खोबरेल किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्या. आत धरलेलं पाणी तोच अडवतो.

तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यालाही ग्लिसरीन चालतं, कारण ते तेल नाही आणि रंध्रं बुजवत नाही. फक्त त्या चेहऱ्यावर वरचं खोबरेल नको. इसबाची त्वचा असेल तर भेगाळलेल्या, ओल्या जागी ते झोंबतं. तिथे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच लावा.

आणि त्यात लिंबू पिळू नका, ही कळकळीची विनंती. लिंबाच्या आम्लानं त्वचा जळजळते, आणि रस लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडतात. ते महिनोन्‌महिने राहतात.

औषधाच्या दुकानातून लेबलवर 'आय.पी.', म्हणजे इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या सरकारी मानकाचं, असं लिहिलेली बंद बाटली घ्या, सुटं ग्लिसरीन नको. नाजूक त्वचा असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. ग्लिसरीनची ॲलर्जी फार क्वचित होते. लाली किंवा खाज आली, तर आधी संशय गुलाबपाण्यातल्या सुगंधावर घ्या. त्वचा पूर्ववत झाली की साध्या पाण्यातलं मिश्रण त्याच पद्धतीनं लावून पाहा.