खोक्यात जपलेले बूट

नमस्कार श्रोतेहो. आज बुटांविषयी बोलायचं आहे. बास्केटबॉलच्या बुटांविषयी, आणि त्यातही भडक लाल-निळ्या नव्हे, तर साय, वाळू, राख, ओली माती अशा शांत रंगांच्या बुटांविषयी. आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, मळखाऊ. पण सगळे शांत रंग मळखाऊ नसतात. वाळूचा आणि राखेचा रंग मळ पोटात घालतो, सायीचा रंग मात्र पहिल्याच दिवशी तो दाखवतो. हे खरेदीआधीच लक्षात घ्या. पुन्हा सांगते, राखाडी बूट मळ लपवतात, साय-रंगाचे लपवत नाहीत.

हे रंग आजची फॅशन आहेत असं वाटतं, पण गोष्ट जुनी आहे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालचा. या खेळासाठीचा कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ साली आला. १९८५ मध्ये खेळाडू मायकल जॉर्डनच्या काळ्या-लाल बुटांना एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगनं, हरकत घेतली होती. खेळाडूंना हव्या त्या रंगाचे बूट घालायची मोकळीक तिथे २०१८-१९ च्या हंगामापासून मिळाली. रंगाची बंधनं गेली, तरी लोक पुन्हा सायीकडे आणि वाळूकडेच वळतात. मला याचा आनंद वाटतो.

आता माझ्या मामाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय या विषयावर मला पुढे जाताच येत नाही.

मामा कॉलेजच्या संघात सेंटरला खेळायचा. पहिल्या पगारात त्यानं साय-रंगाचे, घोटा झाकणारे चामड्याचे बूट घेतले. जाड, मऊ सोल. घरी आल्यावर आरशासमोर दोन फेऱ्या मारल्या आणि बूट परत खोक्यात ठेवले. म्हणाला, "चांगल्या दिवशी घालीन."

दर रविवारी ते खोकं उघडायचं. मी सहा-सात वर्षांची, शेजारी मांडी घालून बसलेली. मामा मऊ फडक्यानं एकेक बूट पुसायचा, आतले कागदाचे बोळे सारखे करायचा, लेसचे दोन्ही पदर समान ओढायचा. मला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त वास घ्यायची होती. नव्या चामड्याचा तो वास आजही कुठे आला तर मी थांबते.

चांगला दिवस बारा वर्षं आला नाही. घरात कार्य असलं की, "गर्दीत कुणाचा तरी पाय पडेल." संघाचा सामना असला की, "आज मैदान ओलं आहे." मग एके वर्षी जुन्या संघातले सगळे एकत्र जमणार, सामना खेळणार असं ठरलं. मामानं खोकं काढलं. बूट कालच आणल्यासारखे दिसत होते. चामड्यावर सुरकुती नाही, ओरखडा नाही.

मी पहिल्या रांगेत बसले होते. सराव सुरू झाला. मामा चेंडू घेऊन बास्केटकडे धावला, दोन पावलं टाकली, उडी मारली, चेंडू आत गेला आणि तो खाली आला. मैदानावर फिकट तुकडे सांडले. मला वाटलं, खडू फुटला. मामानं पुढचं पाऊल उचललं तेव्हा उजव्या बुटाचा तळ जमिनीवर मागेच राहिला होता.

तो तिथेच खाली बसला. डाव्या बुटाचा सोल अंगठ्यानं दाबला, तर अंगठा ओल्या वाळूत जावा तसा आत गेला. वरचं चामडं जसंच्या तसं, आणि खाली नुसता भुगा. मी धावत गेले. तो मला म्हणाला, "अगं, बारा वर्षं जपले मी हे." एवढंच. त्या सामन्यात त्यानं बाकावर बसून गुण लिहिले. जाताना मैदानावरचा भुगा वेचून त्यानं खोक्यात भरला. ते मला अजून दिसतं.

याचं कारण थोडक्यात सांगते. अनेक बुटांचा मधला मऊ थर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या फेसाचा असतो. हवेतली वाफ हळूहळू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते. बूट घाला किंवा न घाला, हे चालूच राहतं. दमट, बंद खोक्यात तर ते थांबायचं काही कारणच नसतं. मायकल जॉर्डनच्याच नावाच्या, १९८८-८९ च्या एअर जॉर्डन ३ आणि ४ या बुटांच्या जपून ठेवलेल्या जोड्यांचे सोलही असेच भुगा होतात. म्हणून बूट घाला. पुन्हा सांगते, बूट घाला.

निवडताना जोड दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली राखाडीही सायीसारखा दिसतो. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. रोजचे मोजे घालून बघा, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि लेस न सोडता बुटात पाय कोंबायची सवय मोडा, टाचेचा कणा त्यानंच मोडतो. मुलांना हे लहानपणीच शिकवायला हवं. तसं तर मुलांना संध्याकाळी मैदानं उघडी मिळायला हवीत. कुलूपबंद कोर्ट पाहिलं की मला फार वाईट वाटतं. असो.

कपड्यांचं एकच सांगते. साय-रंगाच्या बुटांवर शुभ्र पांढरी पँट नको, तिच्याशेजारी बूट पिवळट, जुनाट वाटतात. गडद निळी, खाकी, काळपट हिरवी पँट घ्या आणि तिचा काठ बुटावर गोळा होऊ देऊ नका.

निगा राखायची तर चिखल आधी पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या ब्रशनं झाडा. ओला चिखल घासला की तो आत मुरतो. चामडं आणि कापड कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून मऊ ब्रशनं पुसा. लवदार साबरी चामड्याला शक्यतो पाणी लावू नका, कोरडा ब्रश आणि खोडरबर वापरा. वाळवताना आत कोरा पांढरा कागद भरा, वर्तमानपत्राची शाई फिकट अस्तराला लागते. वाळवायचं सावलीत. ऊन चामडं कडक करतं आणि रबर पिवळं पाडतं. सावलीतच, हे विसरू नका. आणि एकच जोड रोज घालू नका, एक दिवस आड घाला, म्हणजे आतला घाम सुकतो.

तुमच्याकडेही एखादा जोड वर्षानुवर्षं ठेवलेला असेल, तर आज तो काढा आणि सोल अंगठ्यानं दाबून बघा. अंगठा रुतला किंवा बारीक चिरा दिसल्या, तर तो घालून धावू नका. वरचा भाग चांगला असेल तर नवा सोल बसवता येतो. मामानं तेच केलं. त्याच चामड्याखाली आता रबराचा सोल आहे, आणि तो ते बूट एक दिवस आड घालतो. परवा भेटला तेव्हा पाहिले, पुढे चवड्यापाशी दोन खोल सुरकुत्या पडल्या आहेत आणि सायीचा रंग वाळूकडे झुकला आहे.