गाठ बघ

नमस्कार श्रोतेहो.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. काम पाळ्यांचं. माल पाठवायची तारीख जवळ आली की एका पाळीला दुसरी जोडून येते. घर फोंड्याला. आणि गेली सात वर्षं मला कातळ चढायचं वेड आहे.

गोव्यात राहून हे वेड जोपासायचं तर पहिली अडचण आपल्या दगडाचीच. आपला जांभा घर बांधायला उत्तम, चिऱ्याच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण बोटांच्या टोकांवर सगळा देह तोलायचा म्हटलं की तो हातात तुटून येतो. म्हणून आम्ही साखळी, केरी करत चोर्ला घाट चढतो आणि बेळगावावरून बदामी गाठतो. चालुक्यांची ही राजधानी, तिथला तांबडा वालुकाश्म म्हणजे चढणाऱ्याला पर्वणी. मात्र भिजलेला वालुकाश्म ठिसूळ होतो, म्हणून पावसाळ्यात त्याला हात लावायचा नाही. खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एवढ्यात मिळतील त्या सुट्ट्या.

बाकीचे महिने घरीच सराव. स्वयंपाकघराच्या दारावर लाकडी हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची फळी, ठोकला आहे. दहा सेकंद लटकायचं, मग विश्रांती, असं वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदाच. स्नायू लवकर बळकट होतात, पण बोटांच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, आणि सांध्यांना महिनोन्‌महिने लागतात. घाई केली की बोट दुखावतं, आणि दुखऱ्या बोटाने प्रयोगशाळेतली काचेची नळीही धड धरता येत नाही. आई म्हणते, "आधी जेव, मग लटक." मी तिचं ऐकत नाही, कारण भरल्या पोटी लटकवत नाही.

सोमवारी कामावर गेले की हातांना सॅनिटायझर लावताना डोळ्यांत पाणी येतं. कातळाने बोटांची सालं काढलेली असतात. रात्री खोबरेल तेल चोळायचं, उचललेली कातडी कानशीने घासून सपाट करायची. नाही तर ती हातमोज्यात अडकते.

पण श्रोतेहो, मला सांगायचं आहे ते निराळंच. तीन वर्षांपूर्वी रात्रपाळी करून मी सकाळी तशीच गाडीत बसले. दुपारी बदामीला पोचलो, चहा घेतला आणि लगेच कंबरेला हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा पट्टा, चढवला. दोराची आठाच्या आकड्याची गाठ मी बांधायला घेतली, पहिला आठ घातला, दोर हार्नेसमधून ओवला आणि मध्येच कोणाशी तरी बोलायला वळले. दोराचं टोक परत आठावरून फिरवून आणायचं राहून गेलं. कड्याला हात लावणार, तोच माझा दोर सांभाळणाऱ्या मैत्रिणीने माझ्या गाठीला बोट लावलं. "थांब गो, गाठ बघ." बस, एवढंच म्हणाली. मी खाली बसले. त्या दिवशी पुन्हा उठलेच नाही.

लिन हिल या अमेरिकन गिर्यारोहक बाईचं नाव चढणाऱ्यांत सगळ्यांना ठाऊक. 1989 साली फ्रान्समध्ये तिचीही गाठ अशीच अर्धवट राहिली आणि ती सुमारे 22 मीटर खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. पुढे 1993 मध्ये तिने अमेरिकेतल्या एल कॅपिटान या कड्याचा 'नोज' हा मार्ग, दोर फक्त पडलं तर सावरायला ठेवून, स्वतःच्या हातापायांच्या बळावर चढून दाखवला. तोवर ते कोणालाच जमलं नव्हतं. एवढ्या तयारीच्या बाईचा हात चुकतो, तर रात्रभर जागलेल्या माझ्या हातावर मी कशी विसंबू? आणि मी मैत्रिणीचा दोर सांभाळत असेन, तर तिचा जीव माझ्या मुठीत असतो. झोपेने जड झालेली मूठ तिने का म्हणून स्वीकारावी?

तेव्हापासून रात्रपाळीनंतरच्या दिवशी दोराला हात लावत नाही. त्यासाठी पाळ्यांची अदलाबदल करावी लागली. नाताळात ज्यांना घरी असायचं असतं, त्यांच्या पाळ्या मी करते. जानेवारीत ते मला शनिवार-रविवार जोडून देतात. साहेबांना मी खरं कारण सांगितलं, आजारपणाची थाप मारली नाही. ते एवढंच म्हणाले, "आधी कळव, म्हणजे झालं." चतुर्थीचे दिवस मात्र मी कोणालाच देत नाही, ते घरचे.

या शनिवारी माझी पाळी दुपारी सुटते. पूर्वीची मी असते तर तडक चोर्ल्याला लागले असते. आता घरी जाऊन झोपेन. मैत्रीण पहाटे चारला न्यायला येणार आहे, आणि गाडीत बसताच पहिला प्रश्न विचारणार आहे, "किती तास झोपलीस?"

नमस्कार.