त्वचेत डोकावणारा सूक्ष्मदर्शक आणि श्वासाची अडचण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, कारागीर डोळ्याला भिंग लावून साज या दागिन्याचे पान तपासतो, तेव्हा ते पान चिमट्यात घट्ट धरलेले असते. जिवंत माणसाची त्वचा तशी धरता येत नाही, आणि हातात धरून वापरायच्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची खरी अडचण नेमकी हीच आहे.

हा सूक्ष्मदर्शक त्वचेचा तुकडा न काढता आतल्या पेशी दाखवतो. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली ज्यासाठी पेटंटचा अर्ज केला, त्या तत्त्वानुसार बारीक छिद्रातून एकाच पातळीवरून परतलेला प्रकाश आत घेतला जातो आणि बाकीचा अडवला जातो. १९९५ मध्ये अमेरिकेत मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की त्वचेतले मेलॅनिन हा प्रकाश जोरात परतवते. माणसाला सावळेपणा देणारे द्रव्य पडद्यावर पांढरेशुभ्र दिसावे, ही गंमतच म्हणायची.

आता आपला हात टेबलावर उताणा ठेवून मनगट निरखून पाहा. नाडीच्या ठोक्यासरशी कातडी किंचित उचललेली दिसेल. यंत्राला एका वेळी दिसणारा थर मात्र अवघा ३ ते ५ मायक्रॉनांचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. शिवाय लेझरचा ठिपका ओळीमागून ओळ फिरत चित्र भरत असल्यामुळे, मध्येच त्वचा सरकली की पेशी तिरक्या, ताणलेल्या उमटतात.

मोठ्या यंत्रात त्वचेवर कडे चिकटवून हा प्रश्न बराच सुटतो. पण नाकाच्या कडेला किंवा कानामागे ते कडे बसत नाही आणि तिथे हातातलेच यंत्र लागते. डॉक्टर ते हळूहळू सरकवत चित्रफीत घेतात आणि संगणक एकमेकांवर येणारा भाग जुळवून फ्रेम जोडतो. आडवी हालचाल अशी सावरता येते. श्वासाबरोबर त्वचा वरखाली झाली तर मात्र दुसराच थर टिपला जातो, आणि जो टिपलाच नाही तो संगणक तरी कुठून आणणार? म्हणून छातीवरचा तीळ पाहताना रुग्णाला क्षणभर श्वास रोखायला सांगणे, हा साधा उपाय आजही कामाला येतो.

यंत्र जोराने दाबले तर त्वचा स्थिर राहते खरी. पण त्या दाबाने केशवाहिन्या मिटतात आणि त्यांतून पळणाऱ्या रक्तपेशी पडद्यावरून नाहीशा होतात.